पगडी, दाढी आणि बसचं चाक: वुल्व्हरहॅम्प्टनचा वाद (१९६७–६९)

१९६७ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहराच्या नगरपालिका बससेवेतला एक चालक आजारपणाची रजा संपवून कामावर हजर झाला. नाव तरसेमसिंग सांधू. रजेवर गेला तेव्हा गुळगुळीत दाढी केलेला, कापलेल्या केसांचा. परत आला तो दाढी राखून आणि पगडी बांधून. साहेबांनी त्याला गाडी दिली नाही, घरी पाठवलं. गणवेशाच्या नियमात टोपी होती, पगडी नव्हती, आणि चालकाने दाढी ठेवायची नाही असंही त्यात होतं. हे सगळं मान्य करूनच तर तू नोकरी धरलीस, असं त्याला सांगण्यात आलं.

यातून जे सुरू झालं ते जवळजवळ दोन वर्षं चाललं. त्यात हजारोंचा मोर्चा निघाला, दिल्लीत निदर्शनं झाली, ब्रिटिश मंत्रालयाला लक्ष घालावं लागलं, एका वयस्क पुढाऱ्याने जाळून घेण्याची धमकी दिली आणि ब्रिटनमधल्या विसाव्या शतकातल्या सर्वांत कुप्रसिद्ध राजकीय भाषणात या शहराचं नाव गुंफलं गेलं. स्थलांतरितांच्या धर्मस्वातंत्र्याचं उदाहरण म्हणून हे प्रकरण नेहमी सांगितलं जातं. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. आधी येऊन स्थिरावण्यासाठी शिखांनी जी तडजोड केली होती, तीच पुढे त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरली.

लोक आले कुठून

वुल्व्हरहॅम्प्टन हे बर्मिंगहॅमच्या वायव्येला, ‘ब्लॅक कंट्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोळसा-लोखंडाच्या पट्ट्याच्या कडेचं गाव. ओतशाळा, कुलुपांचे कारखाने, गुडइयरचा टायर कारखाना, ‘गाय मोटर्स’ची बस आणि ट्रक बांधणी. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. भट्टीपुढची, रात्रपाळीची, धुराची कामं स्थानिक गोरे कामगार सोडून देत होते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्यामुळे राष्ट्रकुलातल्या माणसाला ब्रिटनमध्ये येऊन राहायला आडकाठी नव्हती.

पंजाबातून आलेले बहुतेक लोक दोआबातले, म्हणजे जालंधर, होशियारपूर या भागातले. तिथे जमिनीचे तुकडे आधीच लहान होते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली कुटुंबंही याच भागात येऊन बसली. एका भावाने परदेशी जाऊन पैसा पाठवायचा आणि बाकीच्यांनी जमीन सांभाळायची, ही तिथली जुनी रीत. पहिल्या महायुद्धाआधी कॅनडा आणि कॅलिफोर्नियाला जाणारेही याच गावांतले होते. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धाआधी पोहोचलेले शीख थोडे. १९२०-३० च्या दशकांत दारोदार कपडे विकणारे भाटरा शीख बंदरांच्या शहरांतून दिसत, आणि लंडनमध्ये १९११ पासून एक गुरुद्वारा होता. मोठी लाट पन्नाशीच्या दशकात आली.

सुरुवातीला पुरुषच आले. एका घरात डझन-दीड डझन माणसं राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच पलंगावर आडवा व्हायचा. आणि जवळपास प्रत्येकाला गाववाल्यांकडून पहिला सल्ला मिळे तो हाच की केस काप, नाहीतर काम मिळायचं नाही. न्हाव्याच्या दुकानात बसून आयुष्यात पहिल्यांदा केस उतरवताना रडलेली माणसं त्या पिढीत पुष्कळ होती. गावी पाठवायच्या फोटोसाठी मात्र काहीजण पगडी बांधून स्टुडिओत जात.

१९६२ च्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने दार अर्धवट लोटलं. त्याचा परिणाम सरकारच्या अपेक्षेच्या उलट झाला. कायदा लागू होण्याआधी पोचायची घाई झाली, आणि ‘आता परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही’ म्हणून लोकांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. चार वर्षं पैसे कमावून परतायचं, हा बेत मोडला. बायका आल्या आणि मोहल्ल्याचं रूप पालटलं. भाड्याच्या शाळागृहात रविवारी दिवाण म्हणजे धार्मिक सभा भरू लागली, लंगर शिजू लागला, मुलांना गुरुमुखी शिकवायची चर्चा सुरू झाली. आणि त्याबरोबर हा प्रश्नही आला की मुलाला केस ठेवायला सांगायचं, तर बापाच्या डोक्यावर काय आहे?

सांधूचं पाऊल मला या पार्श्वभूमीवर समजतं. त्याच्यावर एक आरोप असा झाला की हा माणूस कालपर्यंत दाढी करत होता, आज एकदम धर्म कुठून आठवला? पण शीख समाजाच्या आतून पाहिलं तर यात विचित्र काहीच नाही. केस राखणं हा गुरू गोविंदसिंगांनी १६९९ च्या बैसाखीला आनंदपूरला घालून दिलेल्या खालसाच्या शिस्तीचा भाग आहे. ती शिस्त माणूस घेतो, त्याच्याकडून सुटते, तो पुन्हा घेतो. केस ठेवायचे तर ते झाकायला पगडी आलीच. (गोविंदसिंग १७०८ मध्ये आपल्या नांदेडला ज्योतीजोत समावले, म्हणजे निवर्तले. हुजूर साहिबला गेलेल्या मराठी माणसाला पगडीमागचा भाव वेगळा समजावून सांगायची गरज पडू नये.)

आगारातलं गणित

त्या काळच्या बातम्यांनुसार वुल्व्हरहॅम्प्टनच्या ८२३ बसचालकांपैकी ४११ भारतीय होते. म्हणजे निम्मे. शहराची बससेवा त्यांच्या हातांवर चालत होती. १९६७ च्या मार्चमध्ये शहरातली शेवटची ट्रॉलीबस धावली आणि सगळा भार डिझेलच्या बसवर आला, त्यामुळे चालकांची गरज कमी नव्हती. बस चालवणं हे ओतशाळेच्या मानाने बरं काम होतं. स्वच्छ, गणवेशाचं, निवृत्तिवेतनाचं. पण ओतशाळेत पगडी घातली तर कोणाला पडलेली नव्हती. धुराड्यामागे तो माणूस कोणाला दिसतच नव्हता. नगरपालिकेच्या बसवर मात्र शहराचं बोधचिन्ह होतं आणि चालकाच्या टोपीवरही.

यातली गंमत अशी की तेव्हाच्या बऱ्याच दुमजली बसमध्ये चालकाची खोली इंजिनाशेजारी वेगळी असे. दार बाहेरून, प्रवाशांशी बोलणं नाही, तिकिटं कंडक्टर फाडणार. म्हणजे प्रवाशाला चालकाचं डोकं फार तर काचेतून पाठमोरं दिसायचं. त्या डोक्यावर टोपी आहे की पाच-सहा मीटर मलमल, याने गाडी उशिरा येत नव्हती. पगडी बांधणाऱ्याला मात्र वेळ लागे. पहाटेच्या पाळीआधी कापडाची दोन टोकं दोघांनी धरून, ओढून, घडी घालून पूणी करायची. दुसरं कोणी नसेल तर एक टोक दाराच्या कडीला अडकवायचं. मग एकेक पेच कपाळावर चढवत न्यायचा. ही मेहनत हट्ट म्हणून कोणी रोज करत नाही.

नगरपालिकेच्या वाहतूक समितीची भूमिका मात्र सरळ होती आणि ती मूर्खपणाची होती असं म्हणता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. सांधूने अटी वाचून सही केलेली. आणि मुख्य मुद्दा: बाकीचे शेकडो शीख चालक दाढी करून, टोपी घालून कामावर येतातच की! मग पगडी ही धर्माची सक्ती कशी? ज्यांनी पोटासाठी केस कापले, त्यांची उपस्थिती सांधूच्या विरोधात साक्ष म्हणून उभी करण्यात आली. कामगार संघटनेनेही त्याची बाजू लावून धरली नाही.

कायद्याचाही आधार नव्हता. १९६५ चा वंशसंबंध कायदा हॉटेल, पब, नाट्यगृह अशा सार्वजनिक जागांपुरता होता. नोकरी त्यात नव्हती. १९६८ च्या कायद्याने नोकरी आत आणली, पण रंग, वंश, वांशिक वा राष्ट्रीय मूळ एवढ्याच कारणांसाठी. धर्म त्यात नव्हताच. पगडीवरून नाकारलेला माणूस शीख म्हणून कायद्याला दिसत नव्हता.

मोर्चा, भाषण, धमकी

शिरोमणी अकाली दल या शिखांच्या पक्षाच्या ब्रिटनमधल्या शाखेने, चरणसिंग पंछी यांच्या पुढाकाराने, प्रकरण हाती घेतलं. ४ फेब्रुवारी १९६८ ला हजारो शीख वुल्व्हरहॅम्प्टनच्या रस्त्यांवरून चालत गेले. त्यातले पुष्कळ बाहेरगावचे होते आणि त्यावरून शहरातल्या शिखांतच कुरबूर झाली. स्थानिक जुन्या मंडळींपैकी काहींना वाटत होतं की एवढी वर्षं डोकं खाली घालून कमावलेली जागा ही बाहेरची माणसं घालवणार. डाव्या विचारांच्या ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’चा भर पगडीपेक्षा पगारावर, घरांवर आणि पबमधल्या रंगभेदावर होता. ही सगळी ‘शीख समाजाची मागणी’ होती, असं आज लिहिलं जातं तेव्हा ही भांडणं गाळली जातात. समाज एकमुखी कधीच नव्हता. जाट, रामगढिया, भाटरा यांचे गुरुद्वारेसुद्धा पुढे बहुतेक शहरांत वेगवेगळे झाले.

रामगढियांचा उल्लेख इथे मुद्दाम करतो. हे सुतार-लोहारांच्या कारागीर बिरादरीतले शीख. ब्रिटिशांनी त्यांना युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी पूर्व आफ्रिकेत नेलं होतं. तिथे त्यांनी दोन-तीन पिढ्या पगडीसह सरकारी नोकऱ्या केल्या. साठीच्या दशकात केनियातून ते इंग्लंडला येऊ लागले तेव्हा त्यांना केस कापायचा सल्लाच पटेना. नैरोबीत ब्रिटिश साहेबाला आमची पगडी चालत होती, मग साहेबाच्या घरी का नाही? दोआबातून थेट आलेल्या कापलेल्या केसांच्या शिखांना या नव्या मंडळींमुळे थोडी लाजही वाटली आणि बळही आलं.

आता इनॉक पॉवेल. ते वुल्व्हरहॅम्प्टन नैऋत्यचे हुजूर पक्षाचे खासदार होते. २० एप्रिल १९६८ ला बर्मिंगहॅममध्ये त्यांनी स्थलांतराविरुद्ध जे भाषण केलं ते ‘रक्ताच्या नद्या’ या नावाने कुप्रसिद्ध झालं. दुसऱ्या दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना छाया मंत्रिमंडळातून काढलं, तर लंडनच्या गोदी कामगारांनी त्यांच्या बाजूने मोर्चा काढला. या भाषणातला एक भाग मराठी वाचकांना सहसा सांगितला जात नाही. त्यात पॉवेल यांनी शिखांच्या मोहिमेवर टीका करताना दुसऱ्याचे शब्द वापरले, आणि ते मजूर पक्षाच्या मंत्र्याचे होते. जॉन स्टोनहाउस हे शेजारच्या वेन्सबरीचे खासदार. सार्वजनिक सेवेत काम करणाऱ्यांनी नोकरीच्या अटी पाळाव्यात, जमातीचे खास हक्क मागितले तर समाजाची शकलं होतील, असा त्यांचा सूर होता. म्हणजे या एका मुद्द्यावर उजव्यांचं आणि डाव्यांचं जुळत होतं. विरोध फक्त वंशद्वेष्ट्यांचा होता असं मानणं सोयीचं आहे, पण खरं नाही. सगळ्यांना एकच नियम, ही कामगार चळवळीची जुनी श्रद्धा होती आणि पगडी तिच्यात बसत नव्हती.

भाषणानंतर समिती मागे हटणं आणखी अवघड झालं. मग १९६९ च्या सुरुवातीला सोहनसिंग जॉली पुढे आले. साठी ओलांडलेले हे अकाली नेते. बंदी उठली नाही तर एप्रिलमध्ये स्वतःला जाळून घेईन, असं त्यांनी जाहीर केलं. आपल्यामागे आणखी चौदाजण तयार आहेत, असंही सांगितलं.

इंग्रजी वृत्तपत्रांना हा वेडेपणा वाटला. त्याच जानेवारीत प्रागमध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधात जाळून घेतलं होतं, त्यामुळे धमकी पोकळ मानायची सोयही नव्हती. पण जॉली यांची भाषा प्रागहून आली नव्हती, अमृतसरहून आली होती. अकाली नेते मास्टर तारासिंगांनी १९६१ मध्ये पंजाबी सुभ्यासाठी, म्हणजे पंजाबी भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी, उपोषण केलं. संत फतेहसिंगांनी १९६६ च्या डिसेंबरात चंदीगडसाठी आत्मदहनाची तारीख जाहीर केली आणि ऐनवेळी ते थांबले. मुदत जाहीर करायची, पंथासमोर शब्द द्यायचा, मग सरकारला त्या तारखेकडे पाहत बसवायचं, हे अकाली राजकारणाचं नेहमीचं हत्यार होतं. ते हत्यार आता एका इंग्रजी गावाच्या वाहतूक समितीवर चाललं, जिचा एरवीचा मोठा निर्णय म्हणजे बसचं भाडं वाढवायचं की नाही. वैयक्तिक मत सांगायचं तर मला ही पद्धत आवडत नाही. मरणाची धमकी दिली की समोरच्याच्या म्हणण्यात तथ्य आहे का, हे तपासायची सवडच उरत नाही. पण दीड वर्षं अर्ज, शिष्टमंडळं, मोर्चे करून काही हाललं नव्हतं, हेही खरं.

भारताचे उच्चायुक्त शांतिस्वरूप धवन मध्ये पडले. रोजगार मंत्रालयाचे उपमंत्री अर्नेस्ट फर्नीहो यांनी परिणामांची जाणीव करून दिली. दिल्लीत आधीच ब्रिटिश उच्चायोगासमोर घोषणा झाल्या होत्या. ९ एप्रिल १९६९ ला समितीने दाढी आणि पगडीवरची बंदी उठवली. अध्यक्ष रोनाल्ड गफ यांनी लपवून ठेवलं नाही की हे मनापासून नाही, व्यापक परिणामांचा विचार करणं भाग पडलं म्हणून आहे. तत्त्व मान्य झालंच नव्हतं, फक्त माघार झाली होती.

सहाच महिन्यांनी, १ ऑक्टोबर १९६९ ला, वुल्व्हरहॅम्प्टनची नगरपालिका बससेवाच वेस्ट मिडलंड्सच्या नव्या एकत्रित परिवहन मंडळात विलीन झाली. ज्या समितीने दोन वर्षं प्रतिष्ठा पणाला लावून टोपी जपली, तिच्याकडे बसच उरल्या नाहीत.

मँचेस्टरशी तुलना

हाच प्रश्न मँचेस्टरमध्ये आधी आला होता. ज्ञानी सुंदरसिंग सागर यांनी १९५९ मध्ये कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला. पगडीसह नोकरी देता येणार नाही, असं उत्तर आलं. ते चिवट होते. पत्रं लिहीत राहिले, नगरसेवकांना भेटत राहिले, आणि १९६६ मध्ये मँचेस्टरच्या नगरपालिकेने पगडीला परवानगी दिली. सात वर्षं लागली, पण शहर पेटलं नाही. तिथे मागणी करणारा माणूस पगडीसह दारात उभा होता. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये तो पगडीशिवाय आत शिरला होता. माझ्या मते दोन्ही शहरांतला मोठा फरक हाच. पहिल्याला नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं होतं. दुसऱ्याला मात्र ‘तू करार मोडलास’ असं म्हणता येत होतं. पॉवेल यांचं गाव असणं हे त्यावरचं तेल.

सागर तिथेच थांबले नाहीत. १९७३ मध्ये ब्रिटनने मोटारसायकलवर हेल्मेट सक्तीचं केलं, तेव्हा ते पगडी बांधून गाडी चालवत राहिले, दंड भरायला नकार देत राहिले आणि तुरुंगातही गेले. १९७६ मध्ये साउथहॉलचे खासदार सिडनी बिडवेल यांच्या प्रयत्नातून पगडीधारी शिखांना हेल्मेटमधून सूट देणारा कायदा झाला. (आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही हीच सूट आहे. पुण्यात दर दोन-चार वर्षांनी हेल्मेटसक्तीचा वाद उफाळतो तेव्हा कोणीतरी ‘मग पुणेरी पगडीला का नाही’ असा विनोद करतोच.)

बसचा प्रश्न सुटला, पण शाळेचा तसाच राहिला. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमच्या पार्क ग्रोव्ह या खाजगी शाळेने गुरिंदरसिंग मंडला या मुलाला पगडीसह प्रवेश नाकारला. वडील सेवासिंग मंडला वकील होते. त्यांनी मुख्याध्यापक डाउवेल ली यांच्यावर दावा लावला. अपील न्यायालयात लॉर्ड डेनिंग यांनी शीख हा वंश नव्हे म्हणून दावा फेटाळला. मार्च १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो निर्णय फिरवला. लॉर्ड फ्रेझर यांनी सांगितलं की दीर्घ सामायिक इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा असलेला समूह वांशिक समूह ठरू शकतो, आणि शीख तसे आहेत. दुसरा मुद्दा वुल्व्हरहॅम्प्टनच्या दृष्टीने जास्त मोलाचा. नियम ‘पाळता येतो’ याचा अर्थ केस शारीरिकदृष्ट्या कापता येतात असा घ्यायचा नाही, आपली रीत न मोडता पाळता येतो का, असा घ्यायचा. म्हणजे शेकडो शीख चालकांनी दाढी केली हा पुरावा कोर्टाच्या दृष्टीने निकालात निघाला. सांधूच्या प्रकरणाला सोळा वर्षं झाल्यावर.

आज वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये दर आठ माणसांमागे जवळजवळ एक शीख आहे. २०२१ च्या जनगणनेत शहराच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण १२ टक्के भरलं, इंग्लंड-वेल्समधल्या कुठल्याही स्थानिक प्रशासनापेक्षा जास्त. ब्लॅक कंट्रीतल्या ज्या पबमध्ये एकेकाळी काळ्या-सावळ्यांना वेगळ्या खोलीत बसवत, तसले कित्येक पब आता पंजाबी मालक चालवतात आणि तिथे बिअरबरोबर तंदुरी मिक्स ग्रिल मिळतं. गोरे गिऱ्हाईकही त्यासाठीच येतं.

पगडीचा हक्क मात्र ब्रिटनमध्ये सवलतींच्या तुकड्यांनीच पुढे गेला. बस, मग मोटारसायकल, मग शाळा. १९८८ मध्ये कृपाणाला धारदार शस्त्रांच्या बंदीतून वाट मिळाली. १९८९ च्या रोजगार कायद्याने बांधकामाच्या जागी शिखांना हेल्मेटमधून सूट दिली, आणि २०१५ मध्ये ती जवळपास सगळ्या कामाच्या ठिकाणी लागू झाली. आग विझवणं, बचावकार्य अशी धोक्याची कामं वगळून. १९८९ च्या त्या सवलतीतच एक कलम आहे. पगडी बांधलेल्या कामगाराच्या डोक्याला इजा झाली, तर मालकाने भरपाई द्यायची ती हेल्मेट घातलेलं असतं तरीही जेवढी इजा झाली असती तेवढ्यापुरतीच. उरलेल्या इजेचा खर्च पगडी बांधणाऱ्याच्या खात्यावर.